सूट देऊ नका : न्यूयॉर्कच्या पालकांची २०१० मधली लढाई

९ नोव्हेंबर २०१० रोजी न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी सिटी हॉलमध्ये पत्रकारांना बोलावले आणि शहराच्या सरकारी शाळांचा प्रमुख बदलत असल्याचे जाहीर केले. या पदाला तिथे चॅन्सेलर म्हणतात. आठ वर्षे हे पद सांभाळणारे जोएल क्लाइन रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनमध्ये निघाले होते. त्यांच्या जागी येणार होत्या कॅथी ब्लॅक, हर्स्ट मॅगझिन्स या बड्या मासिक-कंपनीच्या अध्यक्षा. 'कॉस्मोपॉलिटन', 'एस्क्वायर' आणि ओप्रा विन्फ्रे यांचे 'ओ' ही मासिके याच कंपनीची. त्याआधी त्यांनी 'यूएसए टुडे' या दैनिकाचा व्यवसाय उभारायला मदत केली होती. प्रकाशन व्यवसायातले त्यांचे कर्तृत्व कोणी नाकारत नव्हते. पण त्यांनी कधी वर्गात शिकवले नव्हते, कधी शाळा चालवली नव्हती. त्या स्वतः शिकागोतल्या कॅथॉलिक शाळांत शिकल्या होत्या आणि त्यांची मुले खासगी शाळेत गेली होती. कामगार संघटनांशी आपला फारसा संबंध आलेला नाही, असे त्यांनी त्याच पत्रकार परिषदेत सांगून टाकले.

शोध कधी सुरू झाला, आणखी कोणाची नावे चर्चेत होती, कोणाला विचारले गेले, यांतले काहीच बाहेर आलेले नव्हते. महापौरांच्या जवळची मोजकी माणसे सोडली तर शिक्षण खात्यातल्या वरिष्ठांनाही ही बातमी जवळपास इतर शहराबरोबरच समजली.

हे पद किती मोठे होते? अमेरिकेतली ही सर्वांत मोठी शालेय व्यवस्था. ११ लाख मुले, १,६०० हून अधिक शाळा, सुमारे १ लाख ३५ हजार कर्मचारी आणि वर्षाला सुमारे २३ अब्ज डॉलरचा खर्च. मुलांपैकी सत्तर टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होती आणि बहुतेकांच्या घरची परिस्थिती हलाखीची होती. इतक्या मुलांच्या शाळांची सूत्रे कोणाकडे द्यायची हे एका माणसाने बंद दाराआड ठरवले होते. पुढचे सात आठवडे शहरातले पालक, शिक्षक आणि काही लोकप्रतिनिधी या निर्णयाविरुद्ध लढले. प्रत्येक अधिकृत पायरीवर ते हरले. तरीही ही कथा केवळ त्यांच्या पराभवाची आहे, असे म्हणता येत नाही.

त्यांचा संताप एका नावामुळे उसळला होता, पण तो बरीच वर्षे साठत आला होता. न्यूयॉर्कमध्ये शाळा कोणाच्या, हा वाद जुना आणि जखमी आहे. १९६८ साली ब्रुकलिनमधल्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीत शाळा स्थानिक मंडळाकडे सोपवण्याचा प्रयोग सुरू होता. त्या मंडळाने काही शिक्षकांना आपल्या शाळांतून काढले. शिक्षक संघटनेने शहरभर संप पुकारला आणि त्या शरदात शहरातल्या सुमारे दहा लाख मुलांची शाळा आठवडेच्या आठवडे बुडाली. वस्तीतले पालक एका बाजूला आणि बहुसंख्य गोऱ्या, त्यातही मोठ्या प्रमाणात ज्यू असलेल्या शिक्षकांची संघटना दुसऱ्या बाजूला, अशी दरी पडली. पुढच्याच वर्षी राज्य विधिमंडळाने कायदा करून शहराचे शालेय जिल्हे पाडले आणि प्रत्येक जिल्ह्याला निवडून आलेले स्थानिक मंडळ दिले. जिल्ह्यांची संख्या पुढे ३२ वर स्थिरावली.

ही मंडळे पुढे बदनाम झाली. त्यांच्या निवडणुकांना मतदार फिरकत नसत. काही ठिकाणी मुख्याध्यापकाची नेमणूकही वशिल्याशिवाय होत नसे. वर शहराचे मध्यवर्ती शिक्षण मंडळ होते. त्याचे सात सदस्य, त्यांपैकी महापौरांचे दोनच. शाळा बिघडल्या की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. १ जानेवारी २००२ रोजी पदावर आलेल्या ब्लूमबर्ग यांनी नेमके हेच पकडले. जबाबदारी मला द्या आणि हिशेबही माझ्याकडे मागा, ही त्यांची भूमिका. त्याच वर्षी विधिमंडळाने शाळांचा ताबा महापौरांना दिला. चॅन्सेलर महापौर नेमणार आणि जुन्या शिक्षण मंडळाच्या जागी १३ जणांचे धोरण मंडळ येणार, ज्यातले आठ महापौरांचे. या आठांना महापौर वाटेल तेव्हा काढू शकत होते.

त्याचा अर्थ मार्च २००४ मध्ये सगळ्यांना कळला. परीक्षेत मागे पडलेल्या तिसरीच्या मुलांना वर ढकलायचे नाही, त्याच वर्गात ठेवायचे, हा ब्लूमबर्ग यांचा प्रस्ताव मंडळापुढे होता. त्यांनीच नेमलेले दोन सदस्य विरोधात मत देणार असे दिसताच मतदानाच्या दिवशीच त्यांना हटवून नवे सदस्य आणले गेले. शहराच्या पाच विभागांपैकी एकाच्या प्रमुखानेही मंडळावरचा आपला प्रतिनिधी बदलला आणि प्रस्ताव मंजूर झाला. त्या संध्याकाळपासून पालकांच्या लेखी हे मंडळ शिक्क्यापुरते उरले. स्थानिक मंडळेही गेली होती. त्यांच्या जागी आलेल्या पालक परिषदांना सल्ला देण्याचा अधिकार होता, पण सल्ला ऐकलाच पाहिजे असे कोणावर बंधन नव्हते.

त्यानंतरच्या दोन घटनांनी तेल ओतले. महापौरपद दोनदाच भूषवता येईल, हे शहराने १९९३ आणि १९९६ अशा दोन सार्वमतांत ठरवले होते. २००८ मध्ये ब्लूमबर्ग यांनी नगर परिषदेकरवी ही मर्यादा वाढवून घेतली आणि २००९ ची निवडणूक स्वतःच्या खिशातले १० कोटींहून अधिक डॉलर खर्चून लढवली. तरी ते पाच टक्क्यांहूनही कमी फरकाने निवडून आले. नंतर जुलै २०१० मध्ये राज्य शिक्षण खात्याने मान्य केले की गेली काही वर्षे परीक्षा फारच सोप्या झाल्या होत्या. उत्तीर्णतेचे निकष कडक करताच गणितात प्रावीण्य गाठणाऱ्या शहरातल्या मुलांचे प्रमाण ८२ वरून ५४ टक्क्यांवर आले आणि इंग्रजीत ६९ वरून ४२ वर. ज्या निकालांच्या जोरावर महापौरांनी आपली शाळा-सुधारणा देशभर मिरवली होती त्यांचा बराचसा भाग विरघळला. बाहेरचा कर्तबगार व्यवस्थापक आणला की शाळा सुधारतात, हे पालकांना आठ वर्षे ऐकवले गेले होते. तेच वाक्य, आकडे कोसळल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, आणखी मोठ्या आवाजात ऐकवले जात होते.

ब्लूमबर्ग यांची बाजू तकलादू नव्हती. एवढ्या प्रचंड यंत्रणेच्या शिखरावरच्या माणसाने धडा शिकवायचा नसतो. त्याला पैसा, माणसे, इमारती, बस, कंत्राटे आणि संघटना हाताळायच्या असतात. शिक्षणाचे जाणकार खात्यात भरपूर आहेत, त्यांना दिशा देणारा कसलेला व्यवस्थापक हवा, असे ते म्हणत. स्वतः त्यांनी आर्थिक माहितीचा अवाढव्य व्यवसाय शून्यातून उभारला होता आणि सरकारी अनुभव नसताना शहर चालवून दाखवले होते. आपल्यासारख्याच दुसऱ्या यशस्वी व्यावसायिकावर त्यांनी विश्वास टाकला, यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते.

कायदा मात्र वेगळे सांगत होता. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यानुसार शालेय जिल्ह्याच्या प्रमुखाला पदव्युत्तर अभ्यास आणि काही वर्षे शाळेत काम केल्याचा अनुभव लागतो. ब्लॅक यांच्याकडे पदवी होती, पुढचे काही नव्हते. पण त्याच कायद्यात अपवादाचे कलम आहे. एखाद्याचे असाधारण प्रशिक्षण आणि अनुभव या अटींच्या बऱ्याच अंशी तोडीचे असतील तर राज्याचे शिक्षण आयुक्त त्याला सूट देऊ शकतात. महापौरांना म्हणूनच ऑल्बनी या राज्याच्या राजधानीकडे अर्ज करणे भाग होते.

हे आयुक्तपद आपल्याकडच्या शिक्षण आयुक्तांसारखे नाही. महाराष्ट्रात राज्य सरकार एखाद्या सनदी अधिकाऱ्याची तिथे बदली करते आणि पुढच्या बदलीत तो जातो. न्यूयॉर्कमध्ये शिक्षणाचा सर्वोच्च कारभार 'बोर्ड ऑफ रीजंट्स' या १७८४ साली स्थापन झालेल्या मंडळाकडे आहे. त्याचे सदस्य विधिमंडळ निवडते आणि आयुक्ताची निवड हे मंडळ करते. म्हणजे आयुक्त ना राज्यपालांचा माणूस, ना महापौरांचा. २०१० मध्ये त्या खुर्चीत डेव्हिड स्टायनर होते. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचे ते अभ्यासक, न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजच्या शिक्षणशास्त्र विभागाचे माजी प्रमुख आणि प्रसिद्ध साहित्य-समीक्षक जॉर्ज स्टायनर यांचे चिरंजीव. परीक्षांचा फुगा फोडण्याचे धाडस त्यांच्याच कारकिर्दीत झाले होते. साहजिकच पालकांना त्यांच्याकडून आशा होती.

सूट याआधीही दिली गेली होती. सिटीग्रुपचे वकील हॅरल्ड लेव्ही यांना २००० मध्ये, आणि मायक्रोसॉफ्टविरुद्धचा मक्तेदारी खटला चालवणारे सरकारी वकील जोएल क्लाइन यांना २००२ मध्ये. पण नकाराचेही उदाहरण होते. १९८३ साली शिक्षण मंडळाने उपमहापौर रॉबर्ट वॅगनर ज्युनियर यांची चॅन्सेलर म्हणून निवड केली. ते माजी महापौरांचे पुत्र, स्वतः अनुभवी प्रशासक, आणि तत्कालीन महापौर एड कॉच त्यांच्या पाठीशी. शिक्षण क्षेत्रातली पात्रता नाही, असे सांगून तेव्हाचे आयुक्त गॉर्डन अँबाक यांनी सूट नाकारली. त्यानंतर निवड झाली अँथनी अल्वाराडो या शिक्षकी पेशातून वर आलेल्या माणसाची आणि शहराला पहिला हिस्पॅनिक चॅन्सेलर मिळाला. २०१० मधल्या पालकांनी ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट शोधून काढली आणि सतत पुढे ठेवली. आयुक्त नाही म्हणू शकतो, एकदा म्हणालाही आहे, हे सगळ्यांना कळले.

इथून मोहिमेने आकार घेतला. तिची चाल मला फार विचारपूर्वक वाटते. महापौरांचे मन वळवायचा प्रयत्न करण्यात अर्थ नव्हता, आणि धोरण मंडळावर त्यांचाच ताबा होता. या साऱ्या रचनेत महापौरांच्या हाताबाहेरची एकच जागा होती : स्टायनर यांची सही. पालकांनी सगळा जोर तिथे लावला. 'सूट देऊ नका' ही एवढीच मागणी. ब्लॅक वाईट आहेत की चांगल्या, महापौरांचे धोरण बरोबर की चूक, या वादांत न शिरता कायद्याने घातलेली अट पाळा, इतकेच ते म्हणत होते. सह्यांच्या अर्जावर थोड्याच दिवसांत दहा हजारांहून अधिक नावे जमली. ऑल्बनीच्या कार्यालयात पत्रांचा आणि ईमेलचा ओघ सुरू झाला. सिटी हॉलच्या मागच्या ट्वीड कोर्टहाऊसमध्ये शहराच्या शिक्षण खात्याचे मुख्यालय आहे. एकोणिसाव्या शतकात या इमारतीच्या बांधकामात शहराला प्रचंड लुटले गेले होते आणि ज्याने ते केले त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. तिच्या पायऱ्यांवर पालक फलक घेऊन उभे राहिले. नगर परिषदेचे आणि विधिमंडळाचे काही सदस्यही त्यांच्यात येऊन मिळाले.

पालकांच्या म्हणण्यात अनेक धागे होते. एका साध्या शिक्षकाला पदवी, परीक्षा, प्रमाणपत्र यांशिवाय वर्गात पाऊल टाकू देत नाहीत. मग सगळ्या शिक्षकांच्या वरच्या माणसाला काहीच नको? ज्यांची मुले या शाळांत कधी बसली नाहीत त्यांना गळक्या छपराचे आणि एका वर्गात कोंबलेल्या तीस-पस्तीस मुलांचे काय कळणार? कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक पालकांचा प्रश्न याहून जुना होता. आमच्या मुलांच्या बाबतीत निर्णय घेणाऱ्या खोलीत आम्ही कधी असणार, हे १९६८ चेच वाक्य होते. आणि जवळपास प्रत्येकजण विचारत होता की, उघड शोध का घेतला नाही? क्विनिपिॲक विद्यापीठाने त्याच महिन्यात घेतलेल्या जनमत चाचणीतही ब्लॅक यांच्याकडे या कामाचा योग्य अनुभव नाही, असे म्हणणाऱ्यांचे पारडे स्पष्टपणे जड निघाले.

दुसऱ्या बाजूनेही जोर लावला. एड कॉच, डेव्हिड डिंकिन्स आणि रूडी जुलियानी या तीन माजी महापौरांनी ब्लॅक यांना पाठिंबा दिला. एरवी हे तिघे एका पत्रावर सह्या करतील अशी कल्पनाही कोणी केली नसती. ग्लोरिया स्टायनम आणि व्हूपी गोल्डबर्ग यांच्यासह अनेक नामवंत स्त्रियांनी आयुक्तांना पत्र लिहिले. ओप्रा विन्फ्रे यांनी वृत्तपत्रात ब्लॅक यांची तरफदारी केली. ब्लॅक निवडल्या गेल्या तर या पदावर प्रथमच एक स्त्री कायमस्वरूपी येणार होती आणि त्यांच्या समर्थकांना त्याचे मोल होते. पण एका बाजूला हजारो अनोळखी पालकांच्या सह्या आणि दुसऱ्या बाजूला टीव्हीवर रोज दिसणारी नावे, हे चित्र महापौरांना फायद्याचे ठरले नाही. शहराच्या शाळा त्या नावांनी पाहिलेल्या नव्हत्या, असे पालक म्हणू लागले.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात महापौरांचे सविस्तर पत्र स्टायनर यांच्याकडे पोहोचले. स्टायनर यांनी आठ जणांची सल्लागार समिती नेमली. पालकांनी लगेच आक्षेप घेतला, कारण सदस्यांपैकी काहीजण आधी क्लाइन यांच्या हाताखाली काम केलेले होते. समिती महापौरांच्या सोयीची असणार, असा सगळ्यांचा होरा होता. २३ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दोन दिवस आधी, समितीचे मत बाहेर आले. चौघांनी सूट देण्याला विरोध केला. दोघांनी 'सध्या नको' असे म्हटले. पाठिंबा फक्त दोघांचा.

काही तासांपुरते तरी पालक जिंकल्यासारखे वाटले. स्टायनर यांनी मात्र मधला मार्ग सुचवला. ब्लॅक यांच्या जोडीला शिक्षणाचा खरा अनुभव असलेला, अध्यापनाची जबाबदारी घेणारा दुसरा अधिकारी नेमला तर आपण पुन्हा विचार करू. सुट्टीच्या दिवसांत सिटी हॉल आणि ऑल्बनी यांच्यात बोलणी झाली. शेल पोलाको-सुरान्स्की या अडतीस वर्षांच्या उपचॅन्सेलरचे नाव पुढे आले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, गणित शिकवलेले आणि ब्रॉन्क्समध्ये नव्याने अमेरिकेत आलेल्या मुलांसाठी एक माध्यमिक शाळा सुरू करून चालवलेले. महापौरांनी त्यांना मुख्य अध्यापन अधिकारी केले आणि २९ नोव्हेंबरला स्टायनर यांनी सूट मंजूर केली.

हा तोडगा मला पटत नाही. कायदा एका व्यक्तीचे प्रशिक्षण आणि अनुभव पाहायला सांगतो. एकाची उणीव दुसऱ्याच्या पात्रतेने भरून काढायची सोय त्यात नाही. शिवाय त्या दुसऱ्या माणसाची नेमणूक आणि हकालपट्टी दोन्ही चॅन्सेलरच्या आणि महापौरांच्या हातात. पण पालकांच्या दबावाखेरीज ही अटही आली नसती, हे तितकेच खरे. महापौरांना सूट मागता क्षणी हवी होती आणि ती वाटाघाटी करून घ्यावी लागली.

पालक थांबले नाहीत. डिसेंबरमध्ये ऑल्बनीच्या न्यायालयात वेगवेगळे तीन दावे दाखल झाले. त्यांपैकी एकात ब्रुकलिनचे विधानसभा सदस्य हकीम जेफ्रीज यांचा पुढाकार होता. हेच जेफ्रीज पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले. आणखी एक दावा वकिली करणाऱ्या एका पालकाने स्वतःच चालवला. मुद्दा एकच : किमान पदव्युत्तर पदवीही नसलेल्या व्यक्तीला या कलमाखाली सूट देता येते का? २९ डिसेंबरला न्यायमूर्ती जेरार्ड कॉनॉली यांनी तिन्ही दावे फेटाळले. आयुक्तांना हा निर्णय घेण्याचा अधिकार आहे आणि त्यांचा निर्णय मनमानी ठरत नसेल तर न्यायालयाने आपले मत त्यावर लादायचे नसते, असा त्यांचा निष्कर्ष. कायद्याच्या चौकटीत हा निकाल अपेक्षितच होता.

३ जानेवारी २०११ रोजी ब्लॅक यांनी काम सुरू केले आणि पहिल्याच दिवशी शहराच्या पाचही विभागांतल्या शाळांना भेट दिली. मेहनतीत त्या कमी पडल्या, असे कोणी म्हणाले नाही. पण दोनच आठवड्यांत खालच्या मॅनहॅटनमधल्या पालकांच्या एका बैठकीत, शाळांतल्या गर्दीवर बोलताना, त्यांच्या तोंडून निघाले की थोडे दिवस संततिनियमन केले तर आपल्या सगळ्यांनाच मदत होईल. एरवी विनोद म्हणून तो विरून गेला असता. पण तिथे बसलेले पालक शाळांत जागा अपुरी पडते म्हणूनच आले होते. दुसऱ्या दिवसापर्यंत ते वाक्य शहरभर झाले होते आणि त्यांना माफी मागावी लागली.

१ फेब्रुवारीला ब्रुकलिन टेक्निकल हायस्कूलच्या सभागृहात धोरण मंडळाची सभा भरली. विषय होता नापास ठरवलेल्या शाळा बंद करण्याचा. शेकडो पालक, शिक्षक आणि विद्यार्थी आपली शाळा वाचवा म्हणून आले होते. मंडळ काय ठरवणार हे त्यांना ठाऊक होते. २००४ पासून त्यांनी ते पाहिले होते. ब्लॅक बोलू लागताच त्यांची हुर्यो उडवली गेली आणि एका क्षणी त्यांनीही लोकांकडे पाहत त्यांच्या आवाजाची नक्कल केली. ती चित्रफीत बातम्यांत पुन्हा पुन्हा दाखवली गेली. त्या सभेत आणि दोन दिवसांनी झालेल्या दुसऱ्या सभेत मिळून वीसेक शाळा बंद करण्याचे ठराव मंजूर झाले. इथे ब्लॅक यांच्याशी न्यायाने वागायला हवे. शाळा बंद करण्याचे धोरण त्यांनी आखले नव्हते. वर्षानुवर्षांचा रोष घेऊन आलेल्या गर्दीपुढे कसे उभे राहायचे हे त्या कधी शिकल्याच नव्हत्या. पण हीच तर पालकांची नोव्हेंबरमधली हरकत होती. सरकारी शाळांच्या प्रमुखाला रोज अशा सभागृहांत उभे राहावे लागते. लोकांचा अपमान गिळून पुन्हा त्यांच्याशी बोलावे लागते. मासिक-कंपनीच्या बैठकीच्या खोलीत हे कौशल्य लागत नाही.

पुढचे दोन महिने घसरणीचे होते. काही उपचॅन्सेलर खाते सोडून गेले. शिक्षक-कपातीचे सावट शहरावर होते आणि त्या वादात ब्लॅक यांचा आवाज फारसा ऐकू आला नाही. महत्त्वाच्या बैठकांत महापौरांचे शिक्षणविषयक उपमहापौर डेनिस वॉलकॉट त्यांच्या शेजारी दिसू लागले. एप्रिलच्या सुरुवातीला एनवाय-१ वाहिनी आणि मॅरिस्ट कॉलेजच्या जनमत चाचणीत ब्लॅक यांचे काम चांगले आहे म्हणणारे फक्त १७ टक्के निघाले.

७ एप्रिलच्या सकाळी महापौरांनी त्यांना बोलावून घेतले. त्यांनी राजीनामा दिला. ९५ दिवस झाले होते. अपेक्षेप्रमाणे घडले नाही आणि त्याची जबाबदारी आपली, असे ब्लूमबर्ग पत्रकारांना म्हणाले. आठवड्याच्या सुट्टीत रशियन भाषा शिकून लगेच त्यात भाषणे करावीत तसे ते काम होते, असे ब्लॅक यांनी नंतर सांगितले. आणि त्याच दिवशी ऑल्बनीत डेव्हिड स्टायनर यांनीही आपण त्याच वर्षी आयुक्तपद सोडणार असल्याचे जाहीर केले. दोन्ही बातम्यांचा परस्परसंबंध त्यांनी नाकारला.

नवे चॅन्सेलर झाले वॉलकॉट. क्वीन्समधल्या सरकारी शाळेत शिकलेले, तरुणपणी बालवाडीत शिकवलेले, मुले आणि नातू शहराच्याच शाळांतले. तांत्रिकदृष्ट्या त्यांनाही सूट लागली आणि ती मिळाली. या वेळी शहरात सह्यांची मोहीम झाली नाही. पालक प्रमाणपत्रापायी अडून बसले होते असा आरोप नोव्हेंबरमध्ये झाला होता. वॉलकॉट यांच्या बाबतीतली शांतता त्याला पुरेसे उत्तर देते. कायद्यातली अट त्यांच्या हाती लागलेले साधन होते. मागणी होती ती आमच्या शाळा ओळखणारा माणूस असावा, ही.

शोध कसा झाला हे कळायला आणखी दोन वर्षे गेली. ब्लॅक आणि सिटी हॉल यांच्यातले नियुक्तीच्या काळातले ईमेल एका पत्रकाराने माहितीच्या अधिकाराखाली मागितले होते. शहर सरकार नाही म्हणाले. प्रकरण न्यायालयात गेले, वरच्या न्यायालयात गेले, आणि २०१३ मध्ये ईमेल खुले करावे लागले. नामवंत स्त्रियांचा तो पाठिंबा कसा जमवला गेला, कोणाला काय बोलायला सांगावे यावर कशी खलबते झाली, हे त्यांत दिसले. ऑल्बनीतल्या पत्रांचा एक ढीग पालकांनी स्वतःहून उभा केला होता आणि दुसरा सिटी हॉलमधून रचला गेला होता.

२०१३ च्या अखेरीस महापौर म्हणून निवडून आलेल्या बिल डी ब्लासिओ यांनी प्रचारातच शब्द दिला होता की चॅन्सेलर शिक्षणातलाच असेल. त्यांनी कार्मेन फारिन्या यांना नेमले. चाळीस वर्षे त्या शहराच्या शाळांत शिक्षिका, मुख्याध्यापिका आणि अधिकारी म्हणून राहिलेल्या. त्यांच्यानंतर आलेले रिचर्ड करान्झा, मिशा पोर्टर आणि डेव्हिड बँक्स हे तिघेही वर्गातून मुख्याध्यापकपदापर्यंत आणि तिथून वर चढलेले. शाळेबाहेरचा व्यवस्थापक आणायचे धाडस ब्लूमबर्ग यांच्यानंतर कोणत्याही महापौराने केले नाही. न्यायालयात न मिळालेले पालकांनी असे मिळवले, आणि ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

उघड शोधाची मागणी मात्र अजून तशीच आहे. फारिन्या निवृत्त होताना डी ब्लासिओ यांनीही पुढचा माणूस बंद दाराआडच शोधला. मायामीचे शाळाप्रमुख अल्बर्टो कार्व्हालो यांचे नाव त्यांनी जाहीर केले आणि १ मार्च २०१८ रोजी मायामीच्या शिक्षण मंडळाच्या बैठकीत, थेट प्रक्षेपण चालू असताना, कार्व्हालो यांनी नकार दिला. मायामीत ही बैठक कित्येक तास चालली. पालक, शिक्षक आणि विद्यार्थी एकेक करून उभे राहून त्यांना थांबायची विनंती करत होते. न्यूयॉर्कच्या पालकांना त्याच पदाबद्दल बोलायला असा माईक कोणी दिला नव्हता. चार दिवसांनी महापौरांनी दुसरे नाव सांगितले.